वालधुनीत सोडलेला नारळ आणि अकरा वाजताची ओहोटी

लोक बदलापूरहून माथेरानला जातात, कोंडेश्वरला जातात, हातात पैसा खुळखुळत असेल तर थायलंडला जातात. मी पावसाळा ओसरल्यावर कचऱ्याबरोबर गेले. आमच्या पुलाखालून निघालेला कचरा ज्या वाटेने समुद्राला मिळतो त्या वाटेने, काठाकाठाने, बराचसा भाग स्कूटरवरून. ही सहल कुठल्याही टूर कंपनीकडे मिळणार नाही. प्रवासी मात्र रोज सुटतात, आणि त्यांना कुणी तिकीट विचारत नाही.

निमित्त माझी भाची प्रज्ञा. धाकट्या बहिणीची मुलगी. तरंगता कचरा उचलणाऱ्या होड्या बनवणाऱ्या एका कंपनीत ती काम करते. होडी बांधणारे वेगळे. होडीने कुठून निघायचं, कुठे वळायचं आणि कधी परत फिरायचं, ते ही ठरवते. बदलापुरातल्या कात्रपला आमच्या घरी चहा पिताना मी तिला म्हटलं, "यात ठरवायचं काय असतं? कचरा दिसला की जायचं आणि उचलायचा. पुढचा दिसला की तिकडे जायचं."

"सगळे तसंच करतात, मावशी. दुपारपर्यंत डिझेल संपतं आणि होडी अर्धी रिकामी परत येते."

"का पण?"

"कारण आपण पोचेपर्यंत तो तिथे नसतो."

मग तिने बराच वेळ भरती, ओहोटी, वारा आणि प्रवाह यांच्याबद्दल सांगितलं. मला समजलं ते असं. लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला माणूस एका दिवशी डोंबिवली उरकतो, दुसऱ्या दिवशी ठाणं. कुणाकडे जेवायचं आणि कुणाकडे नुसतं पाणी पिऊन निघायचं हेही तो घरूनच ठरवून निघतो. एवढं आपल्या सगळ्यांना जमतं. आता समजा, ज्यांना पत्रिका द्यायच्या ते नातेवाईकच घराला कुलूप लावून चालत सुटलेत, सगळे वेगवेगळ्या वेगाने, आणि तुमच्या गाडीत पेट्रोल जेमतेम एका फेरीचं आहे. अशा वेळी एकेकाच्या मागे धावणारा मूर्ख ठरतो. सगळे मिळून कुठल्या नाक्यावर येणार हे ओळखायचं आणि आधी तिथे जाऊन उभं राहायचं.

"हेच," प्रज्ञा म्हणाली. "मला तो नाका शोधायचाय."

समुद्रात असा नाका असतो. खाडीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांना भिडतात तिथे फेसाची लांब रेघ तयार होते आणि सगळं तरंगतं सामान तिथे जमतं. ओहोटी लागली की काही वेळ ही रेघ टिकते, मग विस्कटते आणि सामान खोल समुद्रात जातं. होडी विकत घेऊ पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने तिची चाचणी ठरवली होती ती एका दिवसाची. होडी त्या रेघेवरून भरून आली, तर ती खाडीच्या तोंडाशी कायमची राहणार आणि प्रज्ञाने आखलेल्या मार्गाने चालणार. रिकामी आली तर होडी दुसऱ्या किनाऱ्यावर जाणार आणि प्रज्ञाचं सगळं काम कपाटात. म्हणून आमच्या नद्यांमधला कचरा खाडीच्या तोंडाशी कधी आणि कुठे पोचतो, हे तिला आधी कळायला हवं होतं.

त्यासाठी तिने नारळ आणले होते. पाणी काढून टाकलेले, आत जीपीएसचं छोटं यंत्र बसवलेले आणि भोक मेणाने बंद केलेले. बाटली का नाही, असं मी विचारलं. "नदीत आणखी प्लास्टिक मी सोडू?" तिने उलट विचारलं.

अडचण एकच होती. नदीतला नारळ कुणीतरी उचलतोच. त्यावर उपाय माझा. प्रत्येक नारळाला भरपूर हळदकुंकू फासलं, काजळाचे ठिपके दिले आणि काळा दोरा गुंडाळला. बघणाऱ्याला वाटावं की कुणाची तरी पीडा उतरवून टाकली आहे. असल्या उताऱ्याला आमच्याकडे माणूस हात लावत नाही, वळसा घालून जातो. आमच्या घरातून देव, अंगारे आणि उतारे प्रज्ञाच्या आजोबांच्या पिढीतच बाहेर गेले, धम्म घेतला तेव्हा. पण शेजारी कशाला घाबरतो हे माहीत असायला श्रद्धा लागत नाही.

"आजोबांनी तुला घराबाहेर काढलं असतं," प्रज्ञा म्हणाली.

"आजोबांनी जीपीएस पाहिला नव्हता," मी म्हटलं.

पहिला मुक्काम घरचाच, बदलापूर पश्चिमेचा उल्हास नदीवरचा पूल. सकाळी लवकर जा, नंतर गाड्या लागतात आणि कठड्याशी उभं राहता येत नाही. हवा खरंच सुंदर असते, समोर डोंगर, खाली भरलेली नदी. पावसानंतर सोनिवलीकडच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत हाच देखावा छापतात. आम्ही पहिला नारळ खाली सोडला आणि मागे स्कूटर थांबली. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हँडलला अडकवलेली फुगलेली काळी पिशवी.

"ताई, उतारे इथे टाकू नका," तो गृहस्थ म्हणाला. "खाली लोक हेच पाणी पितात."

मला बरं वाटलं. म्हटलं, शहर सुधारतंय. तेवढ्यात त्याने पिशवी काढली, नमस्कार केला आणि कठड्यावरून सोडून दिली.

"आणि हे?" मी विचारलं.

"हे निर्माल्य आहे."

"पिशवीसकट?"

"मोकळं टाकलं तर पसरतं ना सगळीकडे." माझ्या अज्ञानाची कीव करून तो निघून गेला.

पिशवी आमच्या नारळाच्या मागे मागे चालली होती. प्रज्ञाने वेळ टिपून घेतली. म्हणाली, "चांगलं झालं. तुलना करता येईल." तिच्या धंद्यातल्या माणसाला चिडून चालत नाही. माझ्या, म्हणजे लिहिण्याच्या, धंद्यात चालतं.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथ. स्टेशनपासून शिवमंदिराला शेअर रिक्षा मिळते. रस्त्यात खड्डे आहेत, पाठीचं दुखणं असणाऱ्याने मधल्या सीटवर बसावं. मंदिर पाहाच. हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी दगडातून हत्ती, नर्तकी, वेली काढल्या आणि त्या कामाला शोभेल अशी जागा म्हणून वालधुनीचा काठ निवडला. आता मंदिरामागे जाऊन ती वालधुनी पाहा. मी नाकाला रुमाल लावला, तशी शेजारी उभी असलेली बाई हसली. रोज फुलं घेऊन बसणारी असावी.

"आज बरी आहे," ती म्हणाली. "परवा जांभळी होती. आमच्या सुनेची साडी सेम त्याच रंगाची."

"तक्रार करत नाही कुणी?"

"करतात ना. मग माणूस येतो, बाटलीत पाणी भरतो आणि जातो. बाटल्या किती गेल्या असतील इथून. तेवढीच नदी साफ झाली असेल."

वालधुनी अंबरनाथहून निघते, उल्हासनगर अर्धं कापत जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. नकाशात तिला नदी म्हणतात. रोजच्या बोलण्यात तिला नाला म्हणतात, आणि नाला म्हटलं की त्यात काहीही टाकायला मन मोकळं होतं. नदीत थुंकायला माणूस क्षणभर थांबतो, नाल्यात तो गादी टाकतो. खरंच, एक गादी तिथे होती, डबल बेडची. ज्या अर्थी ती पाण्यापर्यंत आली त्या अर्थी दोन माणसांनी ती उचलून आणली असणार, वाटेत चार ओळखीचे भेटले असणार, आणि त्यांच्यापैकी एकानेही कुठे निघालात म्हणून विचारलं नसणार. आम्ही गादीच्या पलीकडे धार होती तिथे दुसरा नारळ सोडला आणि स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. तिखट होती. त्या दिवशी मला तिखटच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा मोबाइल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. तोंडावर हसू आणि रडू दोन्ही.

"मावशी, नारळ रस्त्याने चाललाय."

बदलापूरचा नारळ शहाण्यासारखा नदीतून खाली सरकत होता. वालधुनीच्या नारळाचा ठिपका मात्र पाणी सोडून उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजारात जाऊन बसला होता. मार्ग आखणाऱ्या प्रज्ञाच्या संगणकाला आपण काय शिकवलंय याचं त्याला भान असतं, जगाचं नसतं. कचरा तिथे जमतोय असं समजून त्याने होडीसाठी नवा मार्ग काढून ठेवला होता, खाडीतून वर, मग नाल्यातून, मग चक्क बाजाराच्या मधोमध. हसून झाल्यावर प्रज्ञाने माझ्यापुढे स्कूटरची किल्ली ठेवली. तिच्याकडे वालधुनीचा तोच एक नारळ होता. तो गेला, तर खाडीत येणाऱ्या अर्ध्या कचऱ्याची वेळ अंदाजाने धरावी लागणार होती, आणि चाचणी जवळ आली होती.

कॅम्प एकमध्ये स्कूटर नेऊ नका. मी नेली आणि पस्तावले. गल्ल्यांमध्ये हातगाड्या, टेम्पो, कापडाचे गठ्ठे, आणि त्यातून वाट काढणारे हमाल. ठिपक्याच्या मागे मागे आम्ही एका पडद्यांच्या कापडाच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावर सत्तरीचे एक काका, किशनचंद. त्यांच्या डोक्यामागे झूलेलालची, सिंध्यांच्या जलदेवाची, तसबीर, तसबिरीपुढे दिवा, आणि दिव्याशेजारी पितळी ताटलीत, गुलाबाच्या पाकळ्यांवर, माझा उतारा.

"काका, तो नारळ आमचा आहे," प्रज्ञा म्हणाली.

"नहीं बेटा. ये दरियाशाह का है." काकांनी तसबिरीकडे बोट केलं आणि शांतपणे आमच्यासाठी पाणी मागवलं. "मैं पुलिया पे खडा था. इतने गंद में ये अकेला सीधा मेरी तरफ आया. नौकर बोला, सेठ मत छुओ, टोटका है. मैंने बोला, अरे साईं, पानी कभी टोटका देता है क्या?"

मी घाबरवण्यासाठी लावलेलं कुंकू त्यांना पूजेचं वाटलं होतं. एकाच बाजारात दोन माणसं. नोकर मराठी, तो दोन पावलं मागे सरकला. सेठ सिंधी, त्यांनी धोतर वर करून चिखलात पाय घातला. ज्यांचा देवच पाण्यातून येतो त्यांना पाण्यातून आलेल्या गोष्टीची भीती कशी वाटणार? माझ्या हुशारीत हा माणूस धरलेलाच नव्हता.

प्रज्ञाने त्यांना सगळं सांगितलं, होडी, रेघ, चाचणी. मेणाचं बूच उघडून आतलं यंत्रही दाखवलं. काका बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत होते.

"तो ये यहाँ से दरिया तक जाएगा?"

"तुम्ही सोडलात तर."

"छोडेंगे. लेकिन हम छोडेंगे. ऐसे कैसे, फेंक देने का?" मग मराठीत, माझ्याकडे वळून, "आणि परत आणून द्यायचा, ताई. नाहीतर नाही."

प्रज्ञाने मेणाचं बूच पुन्हा घट्ट बसवलं आणि वचन दिलं. काकांनी आम्हाला दाल पकवान खाऊ घातल्याशिवाय उठू दिलं नाही. कॅम्पात गेलात तर ते सकाळीच खा, दुपारी मिळतं ते उरलेलं असतं. मग ते घरून अखो घेऊन पुलियावर आले. अखो म्हणजे पाण्याला वाहायचे तांदूळ आणि साखर. ती पुडी कापडाची होती, आणि तांदूळ पाण्यात सोडून कापड त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. त्या पुलियावर उभं राहायला मन धजत नव्हतं, असा वास होता. काकांनी डोळे मिटून पल्लव घातला, म्हणजे पदर पसरून मागणं मागतात तसं उपरणं पसरलं, आणि नारळ हातातून हळूच सोडला. तोपर्यंत पलीकडच्या दुकानातून थर्माकोलचा एक खोका पाण्यात आला होता. काकांनी तिकडे नुसतं पाहिलं. मी मात्र त्या दुकानदाराला जे बोलायचं ते बोलले. ते इथे छापण्यासारखं नाही.

पुढचे काही दिवस आम्ही मोबाइलवर दोन ठिपक्यांची यात्रा बघत काढले. मध्ये एकदा कल्याणच्या खाडीवर जाऊन आलो. जलपर्णीचा गालिचा, त्यावर बगळे, बगळ्यांच्या पायाखाली चपला. भरतीला ठिपके मागे यायचे, ओहोटीला पुढे जायचे, वैतागलेल्या चाकरमान्यासारखे. आणि वालधुनीचा नारळ उल्हासच्या नारळाला खाडीत गाठणार, हे कळल्यावर प्रज्ञाने मार्ग पुन्हा आखला. ओहोटी लागताच निघायचं, प्रवाहाबरोबर इंजिन जवळजवळ बंद ठेवून खाली जायचं, रेघेवर तिरकं तिरकं फिरायचं आणि भरतीच्या पाण्याबरोबर परत. डिझेल वाचतं, होडी भरते. फक्त निघायची वेळ चुकवायची नाही.

चाचणीच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो, कारण घोडबंदरचा रस्ता कुणाच्याच कामाची कदर करत नाही. खाडीच्या तोंडाशी असलेल्या जेटीवर पोचलो, तर तिथे उद्घाटनासाठी लग्नासारखा मांडव. खुर्च्या, हार, लाऊडस्पीकर, फीत. होडी फुलांनी अशी मढवली होती की पुढचा कचरा ओढणारा पट्टाच दिसेना. होडी चालवणारे हिरामण तांडेल एका बाजूला तंबाखू मळत बसले होते.

"आज हिचा लगीन हाय," ते प्रज्ञाला म्हणाले. "नवरा यायचाय."

नवरा म्हणजे प्रमुख पाहुणे. ते वाटेत होते. तासाभरानेही वाटेतच होते. पाणी चढायचं थांबलं होतं. तेवढ्यात माझं लक्ष मांडवामागच्या गोण्यांकडे गेलं. आत प्लास्टिकच्या बाटल्या. एकाच मापाच्या, धुतलेल्या, झाकणं लावलेल्या. दोन माणसं त्या जेटीखालच्या पाण्यात नीट पसरून टाकत होती.

व्यवस्था बघणारे त्या कार्यालयाचे एक साहेब जवळ होते. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"प्रात्यक्षिकासाठी, मॅडम. होडी हे उचलेल, फोटो होईल."

"समुद्रात कचरा कमी पडला का?"

"तसं नाही. खरा कचरा वास मारतो. मान्यवरांसमोर कसा आणायचा?"

ज्या देशात दोन नद्या अहोरात्र कचरा वाहून आणतात, तिथे कचरा काढण्याच्या कार्यक्रमासाठी बाहेरून कचरा आणावा लागतो, धुऊन. आणि तो पाण्यात टाकणाऱ्यांना जेवणाची पाकिटंही मिळतात. निर्माल्यवाला निदान स्वतःच्या खर्चाने टाकत होता.

प्रज्ञा कठड्याशी उभी होती. दोन्ही ठिपके रेघेच्या जागेकडे सरकायला लागले होते. साहेबांना तिने दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा सांगितलं, दहा मिनिटं. तांडेल उठून तिच्याजवळ आले.

"पोरी, पानी फिरलाय. आता बोल, होरी सोरू का?"

"तुमच्यावर येईल, तांडेल."

"माझ्यावर काय येतंय? मी अडानी, मला कार्यक्रम कलत नाय. तुझ्यावर येल."

तिने एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "सोडा," म्हणाली.

मीही होडीत उडी मारली. मागे लाऊडस्पीकरवर कुणीतरी आमचं नाव नव्हे, होडीचा क्रमांक पुकारत होतं. झेंडूच्या माळा पाण्यात पडू नयेत म्हणून मी त्या तोडून गळ्यात घातल्या, आणि अशी, नवरीसारखी नटून, मी समुद्रात शिरले.

रेघ होती. प्रज्ञाने सांगितली तिथेच, थोडी उत्तरेला. लांबवर पसरलेला पिवळट फेस आणि त्यात आपण सगळे. चपला, थर्माकोल, औषधांच्या बाटल्या, गुटख्याच्या माळा, देव्हाऱ्यातल्या फोटोची चौकट, आणि गाठ मारलेल्या काळ्या पिशव्या, कितीतरी. एका पिशवीची गाठ सुटली होती आणि आत फुलं काळी होऊन कुजली होती. पट्टा घरघरत होता आणि कप्पे भरत होते. दुपारी वालधुनीचा नारळ सापडला, कुंकू धुऊन गेलेलं, दोरा शाबूत. प्रज्ञाने तो मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा रडली. तांडेलांनी तोंड फिरवून इंजिनात काहीतरी दुरुस्त केलं, जे बिघडलेलं नव्हतं.

भरतीबरोबर परत आलो तेव्हा होडी काठोकाठ भरली होती आणि मांडव रिकामा होता. पाहुणे येऊन, फीत कापून, दुसऱ्या एका होडीत बसून फोटो काढून गेले होते. त्या धुतलेल्या बाटल्या ओहोटीबरोबर समुद्रात गेल्या. उचलायला आमच्याकडे जागा नव्हती.

चाचणी यशस्वी ठरली. होडी राहिली. प्रज्ञाला ताकीद मिळाली आणि होडीला हुकूम. रोज सकाळी अकरा ते बारा, जेटीच्या परिसरात. प्रज्ञा भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन साहेबांकडे गेली. पाणी रोज वेगळ्या वेळी फिरतं, हे तिने समजावून सांगितलं.

"कार्यालयाची वेळ ठरलेली असते, मॅडम."

"ओहोटीची नसते."

"होडी कार्यालयाची आहे. ओहोटी नाही."

म्हणजे आता बहुतेक दिवस ती होडी जेटीभोवती प्रदक्षिणा घालते, डिझेल जाळते आणि दोन चिप्सची पाकिटं घेऊन परत येते. पाणी आपल्या वेळेला फिरतं, रेघ जमते आणि विस्कटते, आणि आपली काळी पिशवी सुखरूप खोल समुद्रात पोचते. हा हुकूम बदलावा म्हणून प्रज्ञा अजून दर आठवड्याला त्या कार्यालयात जाऊन बसते. तुम्ही त्या बाजूला फिरायला गेलात तर अकरा वाजता जेटीवर थांबा, होडी बघा, आणि आत जाऊन विचारा की ही इथे काय करतेय. जितके जास्त लोक विचारतील तितकं बरं.

मधूनच असा दिवस येतो की ओहोटी अकराच्या सुमारास लागते. त्या दिवशी तांडेलांचा निरोप येतो, "आज जमतंय", आणि होडी जेटीचा परिसर आणि बाराची वेळ जरा सैल हाताने मोजून थेट रेघेवर जाते. मी समुद्रापासून इतक्या लांब, कात्रपला, भाजी चिरताना आता पाणी कधी फिरणार ते बघते. घरचे हसतात.

नारळ वचनाप्रमाणे किशनचंद काकांना परत दिला. तसबिरीपुढे त्याच ताटलीत आहे. यंत्र काढून घ्यायला काकांनी नकार दिला, उलट बॅटरी नवी घालून घेतली. त्यामुळे ठिपका अजून कॅम्प एकच्या बाजारात लुकलुकतो, आणि संगणक अजूनही होडीचा मार्ग काढताना तिला खाडीतून वर, नाल्यातून, त्या दुकानाच्या दारापर्यंत आणतो. मी प्रज्ञाला म्हटलं, चूक आहे, पुसून टाक तो ठिपका.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून थोडी वर आली तर होडीला कात्रपही लागेल."